चढणीच्या माशांसाठी मोरी बदलताना

मृगाचा पाऊस लागून ओढ्याचं पाणी लाल झालं, की कोकणात मासे प्रवाहाविरुद्ध वर निघतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत हे चढणीचे मासे, रायगड-ठाण्याकडे वलगणीचे. पोटात गाभोळी, अंगात जोर, आणि जायचं असतं वरच्या उथळ पाण्यात, पाणी भरलेल्या भातखाचरांत, अंडी घालायला. वाटेत गावचा रस्ता ओढा ओलांडतो. तिथे मोरी म्हणून बहुतेक वेळा ९०० मिलिमीटरचे दोन ह्यूम पाईप (काँक्रीटचे गोल नळ) टाकलेले असतात आणि अनेकांची चढण तिथेच संपते. पाईपाखालच्या डोहात मासे घोळक्याने फिरतात, लोक पाग टाकून ते आयते काढतात आणि ओढ्यात मासे भरपूर आहेत असा सगळ्यांचा समज होतो. खरं तर ते अडकलेले असतात.

अशी मोरी काढून तिथे मासे चढतील अशी मोरी कशी बसवायची, त्याची ही कृती आहे. ओढा म्हणा, व्हाळ म्हणा, पऱ्या म्हणा, पद्धत एकच. तिची बरीचशी बैठक अमेरिकेतल्या वनखात्याने आणि वॉशिंग्टन राज्याने सालमन माशांसाठी घातली. तिचं सूत्र एका वाक्यात मावतं: पाणी जाईल एवढी मोरी बांधायची नाही, ओढा जाईल एवढी बांधायची. म्हणजे ओढ्याचा तळ, दगड, काठ आणि उतार, सगळं मोरीच्या आतून न तुटता गेलं पाहिजे.

पाईप मासा कसा अडवतो

९०० मिलिमीटरचा काँक्रीट पाईप, उतार २ टक्के, अर्धा भरून वाहणारा. वाहत्या पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात गुळगुळीत काँक्रीटचा खरखरीतपणा ०.०१३ धरला की वेग येतो सेकंदाला ४ मीटर. तेवढ्याच खोलीच्या आणि तेवढ्याच उताराच्या दगडगोट्यांच्या ओढ्यात खरखरीतपणा ०.०५ च्या आसपास असतो आणि वेग १ मीटरवर येतो. शिवाय ओढ्यात दर हातभर अंतरावर एखादा दगड असतो, त्याच्या आडोशाला मासा दम खातो. पाईपात आडोसा नाही. दहा सेंटिमीटरचा मासा जीव तोडून पोहला तर सेकंदाला साधारण त्याच्या अंगाच्या दहापट, म्हणजे १ मीटर जातो आणि तेही काही सेकंदच. दहा मीटरच्या पाईपात समोरून ४ मीटरचा वेग असेल तर तो मासा आत शिरताच बाहेर फेकला जातो.

पाऊस ओसरला की उलट अडचण येते. त्याच पाईपात किंवा मोरीच्या ॲप्रनवर (तोंडाशी ओतलेल्या काँक्रीटच्या थरावर) पाणी बोटभर उरतं आणि माशाची पाठ उघडी पडते.

तिसरा अडथळा सगळ्यात सहज दिसतो. पाईपातून जोरात पडणारं पाणी खालचा तळ खणत जातं, डोह होतो, पाण्याची पातळी उतरते आणि काही वर्षांत पाईपाचं तोंड हवेत लटकतं. मरळीसारखा धट्टाकट्टा मासा उडी घेईल, ओल्या गवतातून सरपटतही जाईल. दगडाला चिकटून राहणाऱ्या चिमुकल्या माशांना मात्र वीतभर उंचीही जड जाते. गोड्या पाण्यातली कोळंबी ओल्या दगडावर चढते, पण पाण्याची धार हवेत सुटलेली असेल तर तिला धरायला काही राहत नाही. या कोळंबीच्या अनेक जातींची पिल्लं खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतात आणि मग ओढा चढून वर येतात. त्यामुळे खाडीजवळची एक लटकती मोरी वरच्या सगळ्या ओढ्याची कोळंबी तोडते. मोठ्या वामेचंही तसंच: अंडी समुद्रात, आयुष्य नदीत.

कुठली मोरी आधी

खालून सुरुवात करा. खाडी किंवा मोठी नदी जिथे आहे तिथून वर चालत या आणि प्रत्येक अडथळा नकाशावर मांडा: मोऱ्या, फरशी पूल, सिमेंट बंधारे, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, नळयोजनेच्या विहिरीसाठी घातलेली भिंत. खालचा बंधारा तसाच ठेवून वरची मोरी बदलली तर पैसे पाण्यात. एका मोरीमागे वर किती लांबीचा ओढा मोकळा होतो आणि त्यात मार्च-एप्रिलमध्येही पाणी टिकणाऱ्या कोंडी किती आहेत, हे दोन आकडे काढले की क्रम आपोआप लागतो.

एक सावधगिरी. मोरीच्या खाली तिलापिया किंवा आफ्रिकन मागूर पोचलेला असेल आणि वर अजून नसेल, तर ती वाईट मोरी वरच्या देशी माशांची राखण करते आहे. अशा ठिकाणी हात घालण्याआधी मासे ओळखणाऱ्या माणसाला वर-खाली दोन्हीकडे जाळं टाकून बघू द्या.

मोरी खरंच अडवते का, हे तपासायला यंत्र लागत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोरीच्या खालच्या डोहात आणि वरच्या पन्नास मीटरात बघा. खाली घोळका आणि वर शुकशुकाट असेल तर उत्तर मिळालं.

मोजणी: इथे घाई केली की पुढचं सगळं चुकतं

ओढ्यात पाणी कमी असताना, म्हणजे दिवाळीनंतर, मोजणी करा. साधी ऑटो लेव्हल (उंचसखलपणा मोजायची दुर्बीण), स्टाफ (तिच्यातून वाचायची उभी मापपट्टी), पन्नास मीटरची टेप, तिघं माणसं आणि एक दिवस पुरतो.

पहिलं माप काठोकाठ रुंदीचं. दरवर्षीच्या पावसात ओढा जिथपर्यंत भरतो आणि त्यापुढे काठावर पसरू लागतो ती ही रुंदी. महापुराची खूण इथे घ्यायची नाही. काठावर ती ओळखू येते: खाली उघडे धुतलेले दगड, वर कायमची झुडपं, मुळांखाली पोखरलेली कड, वाळूच्या ढिगाचा सपाट माथा. मोरीच्या जवळ मोजू नका, कारण तिथे ओढा मोरीनेच बिघडवलेला असतो. वरच्या बाजूला गाळ साचून तो पसरलेला, खाली धुपून रुंदावलेला. मोरीपासून दूर, शक्यतो वरच्या अंगाला, सरळ भागात आठ-दहा ठिकाणी मोजा आणि सरासरी घ्या.

दुसरं, तळाचा लांबछेद, म्हणजे ओढ्याच्या लांबीभर तळाच्या उंचीचा आलेख. काठोकाठ रुंदीच्या वीसपट अंतर वर आणि तेवढंच खाली. रुंदी ३.४ मीटर असेल तर दोन्हीकडे सुमारे ७० मीटर. स्टाफ ओढ्याच्या सगळ्यात खोल धारेत धरायचा. दर दोन-तीन मीटरला तर धराच, पण दगडांच्या प्रत्येक पायरीच्या माथ्यावर, डोहाच्या तळाला आणि उतार बदलतो तिथेही धरा. कंटाळा करून दर दहा मीटरला रीडिंग घेतलं तर पायऱ्याच हरवतात आणि कागदावर ओढा खोटाच सपाट दिसतो.

आता हा छेद आलेखाच्या कागदावर काढा. मोरीचा परिणाम झालेला भाग सोडून द्या: वर गाळ साचलेला, खाली डोह पडलेला. उरलेल्या पायऱ्यांच्या माथ्यांमधून पट्टीने रेघ ओढा. वरची आणि खालची रेघ मोरीखाली एकमेकींना मिळत असतील तर तुमचं नशीब चांगलं. ती रेघ हाच नवा तळ. पण खालची रेघ समांतर आणि अर्धा-पाऊण मीटर खाली असेल, तर मोरीच्या खालचा ओढाच खचलेला आहे आणि इतकी वर्षं मोरी बांधासारखी वरचा तळ धरून बसली आहे. ती काढली की खच वर सरकू लागतो. दोन-तीन पावसाळ्यांत वरच्या बाजूची विहीर, नळयोजना, शेताची बांधबंदिस्ती उघडी पडू शकते. म्हणून वर शंभर-दीडशे मीटर चालून, काठाला लागून काय काय आहे याची यादी करा. सरकण्याला अडवणारा खडक कुठे उघडा आहे तेही लिहून घ्या.

तिसरं, शंभर दगड. मोरीच्या वर, स्वाभाविक भागात, ओढ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला नागमोडी चालत जा. प्रत्येक पावलाला खाली न बघता बुटाच्या टोकाशी जो दगड लागेल तो उचला. त्याची लांबी मोजायची नाही आणि जाडीही नाही. मधलं माप, म्हणजे चाळणीतून पडताना अडेल ते. शंभर आकडे चढत्या क्रमाने लावले की पन्नासावा आणि चौऱ्याऐंशीवा आकडा कामाचा. त्याशिवाय आजूबाजूचे सगळ्यात मोठे दहा दगड वेगळे मोजा. पुरातही जागचे न हललेले, शेवाळ धरलेले, निम्मे रुतलेले. नव्या मोरीत हेच ओढा धरून ठेवणार आहेत.

माप ठरवणं

वॉशिंग्टन राज्यातला जुना, पारखलेला नियम असा: मोरीची आतली रुंदी म्हणजे काठोकाठ रुंदीची १.२ पट अधिक ०.६ मीटर. ३.४ मीटरच्या ओढ्याला ४.६८ मीटर, म्हणजे ५ मीटरचा गाळा (दोन भिंतींमधली मोकळी रुंदी) घ्या. ही जास्तीची जागा चैन नाही. पाण्याच्या दोन्ही बाजूंना आतमध्ये काठ राहावा म्हणून ती लागते. त्या काठावरून मुठे, बेडूक, कासव आणि पाणमांजर रस्त्यावर न येता जातात.

इथे एक सरकारी सोय आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या व्याख्येत ६ मीटरपर्यंतचं बांधकाम मोरी आणि त्यापुढचं पूल. ५ मीटरचा गाळा मोरीतच बसतो. रुंदी ताणून ६ च्या वर गेली तर कागदपत्रं आणि मंजुरीची वाट दोन्ही वाढतात. चार-साडेचार मीटरपर्यंतच्या ओढ्यांना म्हणून ही पद्धत फार सोयीची आहे.

मग पुराचा हिशेब. सह्याद्रीच्या पाणलोटांसाठी आपल्याकडे इंग्लिस सूत्र वापरात आहे: १२३ गुणिले पाणलोटाचे चौरस किलोमीटर, भागिले (चौरस किलोमीटर अधिक १०.४) चं वर्गमूळ. ०.९ चौरस किलोमीटरच्या पाणलोटाला येतात सेकंदाला सुमारे ३३ घनमीटर. आता ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच पेटी, म्हणजे काँक्रीटची चौकोनी मोरी, घ्या. तळात पाऊण मीटर दगडगोटे भरले की मोकळी उंची २.२५ मीटर. वर ३० सेंटिमीटर रिकामे सोडले तर पाण्याची खोली १.९५, छेद ९.७५ चौरस मीटर. ३ टक्के उतार आणि ०.०५ खरखरीतपणा धरून वेग ३.७ मीटरच्या जवळ, म्हणजे ३६ घनमीटर पाणी जातं. पूर मावला. काठोकाठ रुंदीवरून काढलेली मोरी पुराच्या हिशेबातही बहुतेक बसतेच. नाही बसली तर गाळा वाढवा, तळातला भराव कमी करू नका.

भरावाची जाडी सगळ्यात मोठ्या दगडाच्या किमान दीडपट, आणि काही झालं तरी ६० सेंटिमीटरपेक्षा कमी नको. दगड ५०० मिलिमीटरचे असतील तर ७५ सेंटिमीटर. मोरीतल्या तळाचा उतार वरच्या ओढ्याच्या उताराच्या सव्वापटीपेक्षा जास्त ठेवू नका. 'थोडा जास्त उतार दिला की गाळ साचत नाही' हा सल्ला पाईप मोरीसाठी ठीक होता. इथे त्याने भरावच वाहून जातो.

उंचीची अडचण बऱ्याच गावरस्त्यांवर येते. तळापासून रस्ता जेमतेम दीड-पावणेदोन मीटर वर असतो. रस्ता थोडा उचलता आला तर उत्तम. नाहीच तर गाळा रुंद करून उंची कमी करा. पण माणसाला आत वाकून का होईना दगड लावता आले पाहिजेत. १.२ मीटरच्या खाली मोकळी उंची गेली की आतलं काम फक्त कागदावर होतं.

पेटी की स्लॅब

तळाला किंवा उथळ खोलीवर खडक लागत असेल तर दोन बाजूंना अबटमेंट (आधाराच्या भिंती) आणि वर आरसीसी स्लॅब, ही जुनी कोकणी स्लॅब मोरी सगळ्यात चांगली. तिला खालची फरशीच नसते, ओढ्याचा स्वतःचा तळ तसाच राहतो. पाया कठीण खडकात किमान ०.६ मीटर आणि मऊ खडकात १.५ मीटर आत हवा. जांभा हाताला कडक लागला तरी त्याला कठीण खडक धरू नका.

खडक खोल असेल, तळ मातीचा असेल, तर पेटी मोरी बुडवून बसवा आणि आत भराव घाला. दोन पाईपांच्या जागी चार पाईप किंवा दोन छोट्या पेट्या शेजारी शेजारी, हा सोपा वाटणारा पर्याय घेऊ नका. मधल्या भिंतीला बांबू, फांद्या, नारळाची झापं अडकतात. एक तोंड बुजतं, दुसऱ्यात वेग वाढतो आणि दोन वर्षांत पुन्हा लटकती मोरी तयार. एकच रुंद गाळा हवा.

पैशांवरून वाद निघेल. अभियंत्याला माशांपेक्षा रस्ता टिकण्याची भाषा जवळची आहे आणि त्या भाषेतही उत्तर आहे. २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुराने अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातले असंख्य रस्ते मोऱ्यांसकट वाहून गेले, तेव्हा ग्रीन माउंटन राष्ट्रीय वनात या पद्धतीने बांधलेल्या मोऱ्या टिकल्या. रुंद गाळ्यात ओंडका अडकत नाही आणि रस्त्यावरून पाणी जात नाही. वॉशिंग्टन राज्यात गोष्ट कोर्टातच गेली. २००१ मध्ये २१ आदिवासी जमातींनी दावा लावला की मासे अडवणाऱ्या मोऱ्या म्हणजे आमच्या करारातल्या मासेमारीच्या हक्काचा भंग. २०१३ मध्ये मोऱ्या बदलण्याचा आदेश निघाला, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मतं पडून तो कायम राहिला.

अंदाजपत्रकात काय लिहून घ्यायचं

तळाचा भराव ही स्वतंत्र बाब हवी. घनमीटर, दगडांची मापं आणि धुण्याचं पाणी यांसह. बाब नसेल तर मोजमाप पुस्तकात तिची नोंद होत नाही, नोंद नाही म्हणजे बिल नाही, आणि बिल नाही म्हणजे ठेकेदार पेटी रिकामीच सोडून जातो. बुडवून बसवलेली रिकामी पेटी म्हणजे पाऊण मीटर खोल काँक्रीटचं कुंड. जुने पाईप, हेडवॉल (तोंडाची भिंत) आणि ॲप्रन तोडून ओढ्याबाहेर नेणं हीसुद्धा वेगळी बाब करा. नाहीतर तेच तुकडे खालच्या डोहात पडतात. आणि खालच्या बाजूला 'काँक्रीट ॲप्रन व कटऑफ वॉल' ही ठरलेली ओळ सवयीने आलेली असेल तर खोडून घ्या. मासा अडवणारी पुढची पायरी तीच.

कामाचा क्रम

जानेवारीच्या शेवटी सुरू, एप्रिलअखेर पेटीवर रस्ता, मेच्या मध्यापर्यंत तळ पूर्ण. मेअखेर वळवाचे पाऊस येतात तेव्हा आत काही कच्चं राहायला नको.

आधी वळणरस्ता आणि भरावातून गेलेल्या नळाच्या, केबलच्या लाईनी शोधणं. मग पाणी. धार वाहती असेल तर वर वाळूच्या गोण्यांचा बांध घालून पाणी पाईपाने कामाच्या खाली सोडा. नसेल तर कामाच्या जागी उरलेली कोंड रिकामी करायची आहे, आणि तिच्यात उन्हाळा काढायला जमलेले मासे असतात. वर-खाली जाळी लावून त्यांना सकाळच्या थंड वेळी काढा. बादलीत गर्दी करू नका, ओल्या गोणपाटाची सावली धरा आणि जवळच्या खोल कोंडीत लगेच सोडा. पंपाच्या तोंडाला दोन-तीन मिलिमीटरची जाळी बांधा. ती नसेल तर पिल्लं पंपातून जातात. पाणी पूर्ण उपसल्यावर दगडांखाली पुन्हा बघा. शिंगटी आणि वाम शेवटपर्यंत लपून राहतात.

खोदताना पोकलेनवाल्याला आधी सांगून ठेवा: तळातले दगडगोटे वेगळे, मोठे धोंडे वेगळे, रस्त्याच्या भरावाची माती वेगळी. तीन ढीग. हे शेवाळलेले, गोल झालेले दगड पुढे सोन्यासारखे लागतात. खाणीतला धारदार दगड त्यांची जागा पूर्ण भरत नाही.

पेटीच्या खाली १५० मिलिमीटरचं साधं काँक्रीट, त्यावर पेटी. ओतीव असेल तर क्युरिंग नीट करा. सिमेंटचं पाणी एक थेंबही ओढ्यात जाऊ देऊ नका. ते इतकं अल्कधर्मी असतं की खालच्या कोंडीतले मासे तासाभरात पांढरे पडून वर येऊ शकतात. मिक्सर धुवायला शेतात खड्डा काढा. दोन्ही बाजूंचा भराव २०-२० सेंटिमीटरच्या थरात, एकाच वेळी दोन्हीकडे चढवत, प्रत्येक थर कॉम्पॅक्टरने दाबून. एका बाजूला भरून मग दुसऱ्या बाजूला गेलं तर भिंतीवर एकतर्फी दाब येतो.

तळ भरणं

सगळं काम इथे आहे.

उदाहरणातली मोरी ९ मीटर लांब. ९ × ५ × ०.७५ म्हणजे जवळजवळ ३४ घनमीटर, आणि दोन्ही तोंडांना ओढ्याशी सांधायला धरून ४५ घनमीटर. म्हणजे सोळा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). समजा शंभर दगडांच्या मोजणीत पन्नासावा दगड ८० मिलिमीटर आणि चौऱ्याऐंशीवा २०० मिलिमीटर आला. मग मिश्रण असं:

- २०० ते ५०० मिलिमीटरचे धोंडे: अडीच ब्रास
- ८० ते २०० मिलिमीटर: सव्वापाच ब्रास
- १० ते ८० मिलिमीटर: पाच ब्रास
- वाळू, कच आणि माती: सव्वातीन ब्रास, त्यात गाळमाती सुमारे एक ब्रास

शेवटची ओळ बघून हमखास कोणीतरी म्हणतं, माती कशाला, वाहूनच जाईल. उलट तिच्यावरच सगळं टिकून आहे. स्वच्छ, एकाच मापाची खडी भरली तर तिच्यात निम्म्याजवळ पोकळी राहते आणि पावसाळा संपल्यावर ओढ्याची धार दगडांच्या आतून वाहते. वर कोरडे दगड, खाली खळखळाट ऐकू येतो आणि मासा बाहेर. पोकळ्या बुजवायला बारीक माल हवाच.

भराव २५ सेंटिमीटरच्या तीन थरांत घाला. छोटा लोडर एका तोंडातून आत जाऊ शकतो. पहिला थर पसरला की टँकरच्या पाइपने वरून वाळू-माती धुऊन आत जिरवा. काठीने, पहारेने ढोसत राहा. पाणी वर साचून वाहू लागेपर्यंत पुढचा थर नको. ही कसोटी सोपी आहे: वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओता. ते खालच्या टोकापर्यंत वरून ओघळलं पाहिजे, मधेच गडप होता कामा नये. तीन थरांना मिळून तीन-चार टँकर पाणी सहज जातं. धुतल्यावर निघणारा गढूळ लोंढा खाली गोण्यांनी अडवून पंपाने शेतात टाका.

मोठे धोंडे शेवटी वर ठेवायचे नसतात, भरावाबरोबर रुजवायचे असतात. निम्म्याहून जास्त उंची गाडलेली, लांब बाजू प्रवाहाच्या दिशेने कललेली, शेजारच्या दोन दगडांना टेकलेली. ३ टक्के उताराला दर चार-पाच मीटरवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अशी एक ओळ, मध्ये किंचित खाली वाकलेली. ९ मीटरच्या मोरीत दोन ओळी पुरतात. तिसरी खालच्या तोंडाबाहेर. दोन ओळींमधली पायरी १२-१५ सेंटिमीटरपेक्षा उंच होऊ देऊ नका. दोन्ही भिंतींच्या कडेने धोंड्यांचा अर्धा-पाऊण मीटरचा काठ. तो काठ नसेल तर पाणी गुळगुळीत भिंतीला लागून पळतं आणि तिथेच घळ पडते. छेदात तळ ताटासारखा सपाट नको. मध्याकडे उतरता ठेवा, म्हणजे डिसेंबरातलं चुळकाभर पाणीसुद्धा एका धारेत येतं.

दोन्ही तोंडांना सांधताना नवा तळ लांबछेदातल्या रेघेला मिळवा. खालचा जुना डोह बुजवू नका; उन्हाळ्यात माशांना तोच आसरा असतो. वरचा साचलेला गाळ सगळा उपसायचीही गरज नाही. त्यातून काठोकाठ रुंदीची एक वाट खणून द्या, उरलेला पहिल्या पावसात हळूहळू खाली येऊन मोरीतलाच तळ पोसतो. मात्र खालचा ओढा खचलेला असेल, तर मोरीच्या खाली वीस-पंचवीस मीटरात धोंड्यांच्या ओळींनी छोट्या छोट्या पायऱ्या करून पातळी वर आणावी लागते. हे टाळलं तर भराव पहिल्याच मोठ्या पुरात खाली निघून जातो.

बदलणं शक्यच नसेल तर

तोवरचा उपाय म्हणून मोरीच्या खाली धोंड्यांचा लांब उतार रचून पाणी पाईपाच्या तोंडापर्यंत चढवता येतं. उतार वीसास एकपेक्षा तीव्र नको. त्याने उडी वाचते आणि पाईपातही पाणी थोडं साचून वेग कमी होतो. पाईपात आडव्या पट्ट्या बसवण्याचा उपायही आहे, पण कोकणातल्या पालापाचोळ्यात त्या पंधरा दिवसांत तुंबतात. सफाईला माणूस नेमलेला नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पहिल्या पावसाळ्यात

रस्त्याच्या कठड्यावर एक खूण करा आणि तिथूनच प्रत्येक वेळी फोटो काढा: काम झाल्यावर, पहिल्या मोठ्या पावसानंतर, नारळीपौर्णिमेला, दिवाळीत. दगड थोडे सरकणार, कुठे दहा-पंधरा सेंटिमीटर खणलं जाणार, कुठे भरलं जाणार. ओढा जागा करून घेतो, त्याला हात लावू नका. पण भिंतीच्या कडेला पेटीचं काँक्रीट उघडं दिसलं तर काठाचे धोंडे कमी पडलेत. आडवी ओळच फुटली असेल तर दगड लहान निवडले गेले. सगळा भराव एकसारखा खाली बसला असेल तर खालची पातळी चुकली आहे, पुन्हा लेव्हल लावा.

दिवाळीनंतर लांबछेद परत घ्या, त्याच खुणांवरून, आणि जुन्या आलेखावर दुसऱ्या रंगाने काढा. माशांसाठी पुढच्या मृगाची वाट बघा. मोरीच्या वरच्या पन्नास मीटरात, खाचरात उघडणाऱ्या तोंडाशी, सकाळी सहाला. चढणीचे मासे पाठ बाहेर काढून उथळ पाण्यातून जातात, लाल पाण्यातही दिसतात.